कुत्र्याच्या उशीला भोक कशाला?

मागच्या अंकात मी चिनीमातीच्या जुन्या दौतींबद्दल, म्हणजे ज्यांच्यावर कुत्रा, पक्षी, हरीण असं कुणीतरी बसलेलं असतं त्या दौतींबद्दल चार ओळी काय लिहिल्या, तेव्हापासून महिनाभर फोन नुसता वाजतोय. फोटो एवढे आले की मेमरी फुल. पण एक सांगू का, जवळजवळ सगळे फोटो वस्तूच्या तोंडाचे. कुत्र्याचं तोंड, पोपटाचं तोंड, एका काकूंनी तर शोकेसच्या काचेत स्वतःचंही तोंड घेतलंय (साडी छान आहे काकू). तळाचा फोटो फक्त तिघांनी पाठवला. अहो आंबा घेताना सुद्धा आपण देठाकडून वास घेतो, नुसता रंग बघून पेटी उचलतो का? तर या वेळची बरीचशी उत्तरं तळाकडूनच सुरू होणार आहेत, कंटाळू नका. नावं गाळलीत, कारण दोघातिघांनी "घरी कळता कामा नये" असं स्वच्छ लिहिलंय.

प्रश्न: ताई नमस्कार. आमच्या आजोबांच्या टेबलावर एक पांढरा कुत्रा होता, निळ्या उशीवर पाय पुढं करून बसलेला, लै देखणा. उशीला पायाशी बारीक भोक आहे. आजोबा गिरणीत कारकून होते, साहेबानं विलायतेला परत जाताना दिला असं घरात सांगतात. आम्ही त्याला दौतच म्हणतो. पण परवा पोरानं त्या भोकात पेनातली शाई ओतली ती परत बाहेरच येईना बगा. आता काय करावं? (जुळे सोलापूर)

उत्तर: दादा, ती दौत नाहीच, म्हणून शाई परत येत नाहीये! ते लेखणी उभी करायचं स्टँड आहे. तेव्हा पक्ष्याचं पीस तासून लेखणी करायचे, ती शाईत बुडवायची, लिहायचं, आणि हात थांबला की कुठंतरी उभी ठेवायची, नाहीतर टेबलावर डाग. भोकाचा घेर बघा, पेन्सिल जेमतेम जाईल एवढाच असणार. खऱ्या दौतीचं तोंड बोटभर तरी रुंद असतं, आत सुटी वाटी असते किंवा आतून नीट झिलई (मातीवरचा काचेसारखा गुळगुळीत थर) दिलेली असते, कारण तिच्यात शाई भरायची, ती सुकली की खरवडायची, धुवायची, परत भरायची. तुमच्या कुत्र्याचं पोट मात्र पोकळ आणि आतून कोरं, झिलईच नाही. तिथं शाई गेली म्हणजे ओसरीवरच्या मातीत पाणी गेल्यासारखं झालं.

आणि जिथं दोनतीन भोकं असतात तिथं प्रत्येकाचं काम वेगळं. एक दौतीचं, एकदोन लेखणीचे, आणि कधीकधी एक झाकण असलेलं छोटं भांडं ज्याच्या झाकणाला मिठाच्या डबीसारखी बारीक छिद्रं, ते वाळूचं किंवा पावडरीचं. टीपकागद सर्रास मिळायच्या आधी ओल्या अक्षरावर वाळू भुरभुरायचे, आपल्या मोडी कागदांवर सुद्धा वाळू टाकायचे की, जुने रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडून बसलेल्या माणसाला विचारा, अजून कण हाताला लागतात. हे सगळं एका तबकावर मांडलेलं असलं की झाला पूर्ण संच. लोक काय करतात, वाळूच्या डबीला मिरपुडीची डबी समजून वेगळी विकून टाकतात. असो.

आता कुत्रा कुठला. फोटोवरून बसण्याची ढब, लांबुडकं तोंड, निळी उशी आणि उशीच्या काठाला सोनेरी रेघ हे सगळं इंग्लंडातल्या स्टॅफर्डशरकडं बोट दाखवतंय. स्टोक आणि आजूबाजूची गावं, तिथं कुंभारकामाचे एवढे कारखाने होते की आपल्याकडं सोलापूरच्या पूर्व भागात मागांची खटखट जशी घराघरातून यायची तसा तिथं प्रत्येक गल्लीत भट्टीचा धूर. १८४० साली तिकडं एका पेनीत देशभर कुठंही पत्र जायला लागलं. त्याच्या आधी जेवढं लांब तेवढे जास्त पैसे, आणि ते बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्यानं मोजायचे, म्हणजे पाहुणा येऊन वर भाडं पण आपणच द्यायचं तसं. (आपल्याकडं अर्ध्या आण्याचं तिकीट १८५४ मध्ये आलं.) पत्रं स्वस्त झाली तशी साध्या घरातली माणसं पण लिहायला बसली, आणि त्यांना चांदीची दौत काही परवडणार नाही, मग मातीचा रंगवलेला कुत्रा, हंस, घरट्यात बसलेली पाखरं, हे असलं देखणं आणि खिशाला झेपणारं पाहिजे झालं. कुत्र्यांत ग्रेहाउंड आणि त्याचा धाकटा भाऊ शोभावा असा व्हिपेट, हे सगळ्यात लाडके. राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याची, आल्बर्टची, ईऑस नावाची ग्रेहाउंड कुत्री होती, तिचं कौतुक सगळीकडं. शिवाय सशामागं कुत्री सोडायच्या शर्यती. त्यात मास्टर मॅग्रा नावाच्या कुत्र्यानं वॉटर्लू कप १८६८, १८६९ आणि १८७१ असा तीनदा जिंकला, तेव्हा त्याच्या मूर्ती काढून कारखानेवाल्यांनी हात धुवून घेतले. काही कुत्र्यांच्या तोंडात किंवा पायाशी ससा दिसतो तो याच शर्यतींतला. तुमच्याकडं ससा नाही, वाईट वाटून घेऊ नका, नुसता बसलेला कुत्रा मला जास्त आवडतो, तोंडात मेलेला ससा घेतलेल्या कुत्र्याशेजारी बसून पत्र लिहायचं म्हणजे कसं वाटत असेल कोण जाणे.

साहेबानं दिला ही गोष्ट खरी असेलही. सोलापुरात रेल्वे १८६० मध्ये आली, जुनी मिल म्हणतात ती कापडगिरणी १८७७ मधली, त्यामुळं साहेबाचं टेबल आणि टेबलावरचा कुत्रा गावात असणं काही नवल नाही. पण घरात सांगतात हा पुरावा नव्हे हो. आजोबांचं एखादं पत्र, हिशेबाची वही, नाहीतर जुना फोटो ज्यात मागं टेबल दिसतंय, असलं काही मिळालं तर जपून त्याच्यासोबतच ठेवा.

आता उलटा करा त्याला. (शाई सांडेल, खाली पेपर घ्या.) जुना माल साच्यात हातानं माती दाबून करायचे, त्यामुळं तो हाताला भरीव, जड लागतो आणि भट्टीत आतली गरम हवा बाहेर जावी म्हणून ठेवलेलं छिद्र अगदी टाचणीच्या डोक्याएवढं असतं. नंतरच्या नकला पातळ माती साच्यात ओतून केलेल्या, त्या हलक्या, आणि तळाचं छिद्र करंगळीचं टोक जाईल एवढं मोठं. दुसरं म्हणजे सोनं बघा. जुन्या कामातलं सोनं मऊ, मधाच्या रंगाचं, आणि हात लागून लागून कडेला विरलेलं असतं. साधारण १८८० नंतर झगझगीत पातळ सोनेरी रंग आला, तो लग्नपत्रिकेवरच्या सोनेरी छपाईसारखा चमकतो. तुमच्या फोटोत फ्लॅशमुळं ते कळत नाहीये, उन्हात काढून पाठवा.

शाईचं असं की पोरानं ओतली ती आजची पेनातली शाई असेल तर ती पाण्यात सुटते. बॅटरीचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, इन्व्हर्टरच्या दुकानात मिळतं ते, ड्रॉपरनं भोकातून थोडं सोडा, हलकेच फिरवा, उलटा करून टिपकागदावर ठेवा, असं चारपाच दिवस. गदागदा हलवू नका. शाई मातीत जास्त मुरली तर वरच्या झिलईच्या बारीक भेगांतून निळी झाक दिसायला लागेल, म्हणून आजच सुरू करा. आणि पोराला मारू नका, दीडशे वर्षांत त्या भोकात शाई ओतणारा तो काही पहिलाच नसेल.

प्रश्न: मॅडम, मी ऑनलाइन एक दौत घेतली, पग जातीचा कुत्रा आणि शेजारी दोन दौती. खाली निळ्या रंगात दोन तलवारी एकमेकींना छेदलेल्या आहेत. विकणाऱ्यानं मायसेन, ३०० वर्षं जुनं असं लिहिलं होतं. किंमत सांगत नाही, लाज वाटते. खरी आहे का? (बार्शी)

उत्तर: लाज कसली, मी सुद्धा याच तलवारींवर गेले होते. मायसेन म्हणजे जर्मनीतला पोर्सेलीनचा नामांकित कारखाना आणि त्या दोन तलवारी हा त्याचा शिक्का. माझी गोष्ट आधी सांगते. परगावच्या एका दुकानदारानं मला सेम अशीच तलवारीवाली दौत दाखवली, मी घाम पुसत पुसत घासाघीस केली, जिंकल्याच्या आनंदात घरी आले, आणि रात्री तळावरून नख फिरवलं तर तलवार नखाला लागली. म्हणजे ती झिलईच्या वरून काढलेली. जुन्या मायसेनच्या तलवारी कोबाल्टच्या निळ्या रंगात झिलईच्या खाली असतात, बोट फिरवलं तर काचेवरून फिरल्यासारखं लागतं, रंग हाताला लागतच नाही. तेवढं तर आधी बघा. पण खाली असल्या म्हणजे खरंच असंही नाही, त्या तलवारींची नक्कल जेवढी झालीय तेवढी क्वचितच कुठल्या शिक्क्याची झाली असेल. पॅरिसमध्ये सॅमसन म्हणून कारखाना १८४५ मध्ये निघाला, त्यांचा धंदाच जुन्या नामांकित मालाच्या हुबेहूब प्रती करायचा, आणि त्या प्रती आता स्वतःच जुन्या झाल्यात. तलवारींवर आडवी रेघ ओरखडलेली असेल तर तो कारखान्यानंच दुय्यम ठरवलेला माल, हे पण लक्षात असू द्या.

मायसेनचं एवढं कौतुक का तर खरं पोर्सेलीन चीन आणि जपानलाच जमायचं, युरोपातले राजे त्यासाठी वेडे. जर्मनीतल्या सॅक्सनीवर राज्य करणारा ऑगस्टस, त्यानं १७१७ मध्ये प्रशियाच्या राजाला ६०० घोडेस्वार सैनिक दिले आणि बदल्यात चिनी पोर्सेलीनचे १५१ नग घेतले. माणसं देऊन भांडी! आमच्या सासूबाई जुन्या साड्या देऊन स्टीलचे डबे घ्यायच्या ते यापुढं काहीच नाही. त्याच राजानं बोटगर नावाच्या किमया करणाऱ्याला सोनं बनव म्हणून कोंडून ठेवलं होतं, सोनं काही झालं नाही पण पोर्सेलीनचं गणित सुटलं आणि १७१० मध्ये मायसेनचा कारखाना निघाला. पुढं १७३१ ला केंडलर नावाचा शिल्पकार तिथं लागला, राजाला आपल्या महालात सगळे प्राणी पोर्सेलीनमध्ये पाहिजे होते, तेव्हापासून त्या कारखान्यात प्राणी जे सुरू झाले ते झालेच. पग कुत्र्याचं तर वेगळंच. १७३८ मध्ये पोपनं फ्रीमेसन नावाच्या गुप्त संघटनेवर बंदी घातली, तेव्हा जर्मनीत काही लोकांनी पगच्या नावानं गुप्त मंडळ काढलं, त्यामुळं मायसेनच्या पगना मोठं गिऱ्हाईक. विकणाऱ्यानं बरोबर नेम धरून पग निवडलाय बघा.

तुमच्या फोटोतला दुसरा जो झूम केलेला आहे त्यात तलवारींच्या खाली काही इंग्रजी अक्षरं पुसट दिसताहेत, मला ती जर्मनी असं लिहिल्यासारखी वाटतायत. तसं असेल तर तीनशे वर्षांची गोष्ट तिथंच संपली. अमेरिकेनं १८९१ पासून बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव पाहिजे असा नियम केला, त्यानंतर असं देशाचं नाव घालायची पद्धत पडली. जपानच्या मालावर त्या काळात निप्पॉन लिहायचे, १९२१ पासून जपान. एवढं दोन ओळीचं गणित पाठ केलं तरी निम्मे फसवणारे ओळखू येतात. पैसे परत मिळत असतील तर मागा. नाही मिळाले तर ठेवा हो, पग गोड आहे. माझी तलवारवाली मी टूथब्रश ठेवायला वापरते.

प्रश्न: चिनीमाती आणि पोर्सेलीन एकच ना? मग लोणच्याची बरणी पण पोर्सेलीन झाली का? (नवी पेठ)

उत्तर: आपण सगळ्यालाच चिनीमाती म्हणतो, त्यामुळं हा घोळ. बरणी म्हणजे स्टोनवेअर, जाड, पक्की भाजलेली, तिच्यातून उजेड जात नाही. पोर्सेलीन पांढऱ्या केओलीन मातीचं, १३०० अंशाच्या वर भाजलेलं, मोबाइलचा टॉर्च आतून लावला तर पातळ भागातून दुधाळ उजेड दिसतो. इंग्रजांचं बोन चायना म्हणजे त्यात जवळजवळ निम्मी हाडांची राख असते (शाकाहारी मंडळींनी हे वाक्य वाचलं नाही असं समजा). आणि वरच्या पत्रातला स्टॅफर्डशरचा कुत्रा बऱ्याचदा यातलं काहीच नसतो, साधी पांढरी माती आणि वर झिलई. तो कसा ओळखायचा तर तळाला जिथं झिलई नाही तिथं जीभ लावा, माती जिभेला चिकटते, पोर्सेलीन नाही चिकटत. दुकानदारासमोर करू नका.

प्रश्न: ताई, माझ्याकडच्या हरणाच्या दौतीत आत काळे तांबूस डाग आहेत, बाहेर पांढरा थर आलाय. सासूबाई म्हणतात चिंच लावून घास, पितळ निघतं तसं निघेल. (होटगी रोड)

उत्तर: सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि चिंच डब्यात परत ठेवा. लिंबू, चिंच, व्हिनेगर, काहीच नको. प्राण्याच्या अंगावरचे रंग बहुतेक वेळा झिलईच्या वरून दिलेले असतात आणि आंबटानं ते मरतात. ब्लीच तर अजिबात नको. आतले डाग हे जुन्या शाईचे आहेत, ती शाई मायफळ, हिराकस आणि डिंक यांची. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार, ब्लीच लावलं की लोखंडाचा डाग आणखी पक्का बसतो.

बाहेरचा पांढरा थर मात्र शाईचा नव्हे, तो आपल्या बोअरच्या पाण्याचा! तुम्ही बोअरच्या पाण्यानं धुता आणि तसंच वाळवता, बादलीला, गीझरला जो थर बसतो तोच हा. नळाला पाणी चार दिवसांनी येतं हे मला माहितीये, म्हणून सांगते की बॅटरीच्या पाण्याची एक बाटली आणून ठेवा, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एकच थेंब, कापसाच्या बोळ्यानं टिपत टिपत पुसा, सोन्याच्या रेघेला घासू नका, मग नुसत्या पाण्यानं पुसून लगेच कोरडं करा. सिंकमध्ये नको, खाली टॉवेल अंथरून परातीत करा, सोलापुरात टॉवेलला काय तोटा. थर एका दिवसात जाणार नाही, दोनतीनदा करावं लागेल.

आणि आतले डाग काढूच नका ना. माझ्या मते डाग हीच त्या दौतीची खरी कमाई. कुणीतरी हिच्यात टाक बुडवून भाड्याची पावती लिहिलीय, मुलीकडच्यांना पत्र लिहिलंय, उधारी मागितलीय. आतून लख्ख पांढरी दौत दिसली की मला उलट शंका येते, की ही कायम शोकेसमध्येच होती की परवा भट्टीतून निघाली? हल्ली नकली डाग पण करतात, चहाच्या पाण्यात बुडवून. पण चहाचा डाग सगळीकडं सारखा बसतो, शाईचा तसा नसतो, तळाला दाट, काठावर जिथं टाक निथळवायचे तिथं ओघळ. बघा तुमच्या हरणाच्या दौतीच्या काठाला एका बाजूलाच जास्त ओघळ असतील.

प्रश्न: पोपटाची मान तुटली. मिस्टरांनी लगेच इन्स्टंट ग्लू लावला, पण वाकडी बसली. (विजापूर रोड)

उत्तर: मिस्टरांनी पुढच्या वेळी आधी चहा प्यावा आणि मग विचार करावा. तुटल्यावर पहिलं काम म्हणजे सगळे कपचे, अगदी भुगा सुद्धा, डबीत गोळा करायचे, दुसरं काम काही न करणं. कपाटाला ऊन लागत असेल तर जागा बदला, आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४३-४४ ला जातो, लोखंडी कपाटाच्या आत तर भट्टीच, त्यात जुने चिकटवलेले सांधे सैल पडतात आणि एपॉक्सी पिवळं पडतं. संग्रहालयातले लोक जे वापरतात ते परत सोडवता येईल असं असतं, पॅरालॉइड नावाची राळ, ॲसिटोनमध्ये विरघळते. सोडवता आलं पाहिजे ही त्यातली खरी गोम. आत्ता लगेच ओढून काढायला जाऊ नका, रंग सोबत येईल. वाकडी मान असू दे, काहीतरी ऐकतोय असं वाटतं.

हां, एखाद्या जुन्या तुकड्याला मागून धातूच्या बारीक टाचण्या मारून जोडलेलं दिसलं तर त्या काढू नका. चांगलं सरस-गोंद मिळायच्या आधी भोकं पाडून असं शिवायचे. ती दुरुस्ती पण आता जुनी झाली.

प्रश्न: लक्ष्मीपूजनाला आम्ही वही, दौत आणि लेखणी पूजतो. यंदा ही कुत्र्याची दौत ठेवली तर आमच्या मोठ्या जाऊबाई म्हणाल्या कुत्रं कसं चालेल देवासमोर? (चाटी गल्ली)

उत्तर: पूजेत दौत महाकालीचं रूप आणि लेखणी सरस्वतीचं असं म्हणतात, ती पितळी असावी की पोर्सेलीनची याबद्दल मी तरी काही ऐकलं नाही. आणि कुत्र्याचं म्हणाल तर जाऊबाईंना चंपाषष्ठीला बाळे इथल्या खंडोबाच्या देवळात घेऊन जा, खंडोबासमोर कुत्रं चालतं का ते तिथंच विचारा. दत्ताच्या पायाशी तर चार. बाकी घरातलं राजकारण तुमचं तुम्ही बघा. फक्त हळदकुंकू त्या पांढऱ्या झिलईवर वाहू नका, बारीक भेगांत हळद शिरली की जन्मात निघत नाही, सुपारी शेजारी ठेवून तिच्यावर वाहा.

प्रश्न: पुतण्या अमेरिकेत असतो, तिथं चांगला भाव येतो म्हणतो. त्याच्या बॅगेतून दोन दौती पाठवल्या तर? (सात रस्ता)

उत्तर: नको. १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे, १०० वर्षांच्या वरची कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि ती वस्तू मुळात विलायतेहून आलेली आहे हे सांगून सुटका होत नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला घेता येतो, मग नेता येते. पण मग ती शंभर वर्षांची नाही असा सरकारी कागद हातात घेऊन पुतण्या तिकडं अँटिक म्हणून कशी विकणार, हा एक प्रश्नच आहे! देशातल्या देशात घरची वस्तू विकायला अडचण नाही, त्याचा धंदा करायचा तर लायसन्स लागतं.

प्रश्न: नवीन सुरुवात करायचीय, बजेट नाही. आणि आपली पितळी दौत सोडून हे परदेशी कशाला असं पण वाटतं. (बाळीवेस)

उत्तर: तर मग पितळीच जमवा की, कोण अडवतंय! आपल्या दौतीत कापसाचा नाहीतर रेशमाचा बोळा घालायचे, कलंडली तरी शाई सांडत नाही, साहेबाच्या पोर्सेलीनला ही अक्कल नव्हती. पुण्याला केळकर संग्रहालयात एकदा जाऊन या. दिवे, अडकित्ते, घरातल्या साध्या वस्तू एका माणसानं आयुष्यभर कशा जमवल्या ते बघितलं की बजेटचं रडगाणं बंद होतं.

चिनीमातीतच करायचं तर शाळेच्या बाकावरच्या भोकात बसवायच्या त्या पांढऱ्या छोट्या दौतींपासून सुरू करा. कुणाकडं ना कुणाकडं माळ्यावर पडलेल्या असतात, फुकट मिळतात. प्राणी नाही त्यावर, पण झिलई, टवका, बारीक तडा, तळ, वजन हे सगळं हाताला कळायला लागतं. नखानं टिचकी मारायची सवय लावा, अखंड असेल तर खणकन आवाज येतो, तडा असेल तर बद्द. आणि प्राणीच पाहिजे असेल तर कॅम्लिनची जुनी बाटली बघा, मराठी माणसानं काढलेली ही कंपनी १९३१ मध्ये शाईच्या पुडीपासून सुरू झाली तेव्हा ब्रँडचं नाव घोडा होतं, उंट नंतर आला. आपल्याकडं प्राणी दौतीवर नाही, लेबलवर बसले.

प्रश्न: माझा कुत्रा डावीकडं बघतो. ही वस्तू जोडीनंच असते असं कळलं. उजवीकडं बघणारा कुठं मिळेल? (अक्कलकोट)

उत्तर: खरंय, बरेचसे जोडीनं विकायचे, फडताळाच्या दोन टोकांना एकमेकांकडं तोंड करून ठेवायला, आणि पूर्ण जोडीला एकट्याच्या दुप्पट नव्हे, त्याहून चांगलाच जास्त भाव येतो. पण मातीच्या साच्यातून काढलेला, हातानं रंगवलेला प्रत्येक नग वेगळा, भट्टीत माती आकसते ती पण कमीजास्त. त्यामुळं दुसऱ्या घरातला जोडीदार आणून बसवणं म्हणजे अवघडच. मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, फिरत राहा, सोबत आपल्या कुत्र्याची उंची, उशीची लांबी, निळ्याची छटा असं सगळं फोनमध्ये ठेवा. मी ते न ठेवता गेले होते. माझा डावीकडं बघणारा बारा वर्षं एकटा होता, गेल्या वर्षी उजवीकडं बघणारा मिळाला, गाडीत मांडीवर घेऊन आले, घरी शेजारी ठेवला तर दोन बोटं उंच निघाला. आता दोघं टीव्हीच्या दोन बाजूंना बसतात, मोठा धाकट्याच्या डोक्यावरून पलीकडं खिडकीबाहेर बघतो.